लांबून मापलेलं पोर

आमच्या खात्यात रकाने फार. मुलाचं नाव, आईचं नाव, वजन, उंची, लस, घरी दिलेला आहार, सगळ्याला रकाना आहे. किस्स्यांना तेवढा नाही. त्यामुळे आकडे तालुक्याला जातात आणि किस्से आमच्याकडे उरतात. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. आधी बारामती, मग इंदापूर, अशी बरीच वर्षं झाली. महिन्याच्या मीटिंगला सेविका डबे उघडून बसल्या की एकीनं सुरू करायचा अवकाश, दुसरीकडे त्याच्या वरचढ किस्सा तयारच असतो. हसता हसता एखादी मध्येच डबा झाकते. कुणाच्या पोराची आठवण झाली, हे मी आता चेहऱ्यावरून ओळखते.

आज सांगतेय ते बहुतेक एकाच घरातलं आहे. निमगाव केतकीच्या पुढे उसाच्या पट्ट्यात एक वस्ती आहे, तिथलं. वस्तीचं नाव राहू द्या.

*

मंगलताई त्या वस्तीवरची सेविका. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. एकदा तिचं रजिस्टर चाळताना राजवीर नावाच्या पोराच्या उंचीवर माझं बोट थांबलं. वय अकरा महिने. मागच्या महिन्यात जी लांबी होती, त्यापेक्षा या महिन्यात दोन सेंटीमीटर कमी!

मी म्हटलं, "ताई, पोर वाढलं नाही असं मी रोज ऐकते. आटलं कसं काय?"

मंगलताई जराही गडबडली नाही. म्हणाली, "मॅडम, मागच्या महिन्यात लांबून मापलं होतं."

सगळी मीटिंग हसली. मीही हसले. मग मागची पानं उलटली तर सगळेच महिने लांबून मापलेले. तोवर दर महिन्याला अगदी एक-एक सेंटीमीटर वाढ, पट्टीनं आखल्यासारखी. आणि प्रत्येक पानाखाली सही होती, ती माझी.

*

दुसऱ्या दिवशी मापाची फळी गाडीवर बांधून आम्ही दोघी वस्तीवर गेलो. ही फळी मीटरभर लांबीची. एका टोकाला डोकं टेकवायचं, दुसऱ्या टोकाची पट्टी सरकवत पायाला लावायची. दोन वर्षांच्या आतलं मूल तिच्यावर झोपवून मापतात. त्याच्यापुढचं मूल उभं करून; पाचाच्या घरातलं धड वाढलेलं पोर या फळीवर मावतच नाही.

घरात आजी, आबा, सून रूपाली आणि दोन नातवंडं. रूपाली लोणी देवकरला कंपनीत पॅकिंगच्या कामाला, त्यामुळे पोरांचं सगळं आजीकडे. थोरली गौरी, चार वर्षांची व्हायची होती. आम्ही आलो की फळी उचलायला तीच आधी पळायची. अंगणवाडीत मात्र ती तीन वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहायची आणि शोभायचीही तिथंच. धाकटा राजवीर. नाव एवढं थोरलं की त्याच्याकडे बघून ते हाक मारायला अवघडच वाटायचं.

आजीनं फळी बघितली आणि राजवीरला पदराखाली घेतलं. "झोपवून माप कुनाचं घेत्यात, ठाव न्हाय व्हय तुमाला? उभा ऱ्हाऊ लागला की मापा."

आता कळलं, पोर लांबून का मापलं जात होतं ते. गौरीच्या वेळीही हेच झालं होतं. ती दोन वर्षांची होऊन उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा खरं माप निघालं, आणि ते कळून फारसा उपयोग नव्हता. वजनाचं बरं असतं. दुखण्यात उतरतं, नीट खाल्लं की चढतं. उंचीचं तसं नाही. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत पोराला जे मिळतं त्यावर ती उभी राहते, आणि त्या काळात जे राहून गेलं ते पुढे भरून येणं फार कठीण. मेंदूचंही बरंचसं याच दिवसांत ठरतं. राजवीर उभा राहून मापू देईपर्यंत थांबलो असतो तर दुसरी गौरी झाली असती. हे मी आजीला तीन प्रकारे सांगितलं. आजीनं तिन्ही वेळा मान हलवली, पदर काही सोडला नाही.

मग मंगलताईनं चप्पल काढली, पदर खोचला आणि ओट्यावर त्या फळीवर सरळ आडवी झाली. कमरेखालची सगळी मंगलताई फळीच्या बाहेर. म्हणाली, "आजी, आधी माझं माप घ्या. मी उठून, चहा पिऊन माझ्या पायानं घरी गेले, तर पोराचं घेऊ."

आजी बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. "तुला काय हुतंय गं मंगल. तुला खांद्यावर उचलायला चार मानसं पुरायची न्हाईत!"

पण पदर सुटला. राजवीरचं माप निघालं. फोनमध्ये भरलं आणि त्याच्या नावापुढे लाल रंग आला. लालच्याही आतलं लाल.

*

"खातो काय?" मी विचारलं.

आजीला राग आला. सहावा महिना संपल्या दिवसापासून ती त्याला वरचं देत होती, एक दिवस खाडा नाही. रजिस्टरमध्येही तसंच होतं. वरचा आहार सुरू केला का, यापुढे दर महिन्याला 'हो'. आईच्या दुधाशिवाय जे काही द्यायचं, त्याला आम्ही वरचं म्हणतो. पोस्टरवर तेच, ट्रेनिंगमध्ये तेच.

तेवढ्यात त्याची जेवायची वेळ झाली. आजीनं वरणाचं पातेलं जवळ ओढलं. पळी अगदी हलक्या हातानं, पाणी डहुळू न देता, वरच्यावर फिरवली आणि पिवळं नितळ पाणी वाटीत घेतलं. त्यात चिमूटभर मीठ. डाळ सगळी खाली बसलेली.

मंगलताईच्या आधी मला समजलं.

"आजी, खालची डाळ का नाही घेतली?"

"आता काय बोलावं तुमास्नी," आजी म्हणाली. "वरचं द्या म्हनला तुमी, म्हनून वरचंच देतूय. तळाचं कसं देऊ ल्येकराला? तळाचं खरवडून सुनंनं खायाचं असतंय."

दारात रूपाली उभी होती, सेकंड शिफ्टला निघालेली. तिच्या मनगटाकडे बघून वाटलं, हिच्याही वाट्याला तळाचं फार दिवस पुरेसं आलेलं नाही.

आजीला दोष देऊन करायचं काय? तिच्या लेखी वरचं म्हणजे पहिलं, मानाचं. घरातलं सगळ्यात लाडकं पोर म्हणून ती त्याला पातेल्यातलं मानाचं पाणी पाजत होती, पाच महिने. शब्द आमचा होता.

पुढच्या मीटिंगला मी हे सांगितलं. आधी सगळ्या हसल्या. संध्याकाळपर्यंत पाच सेविकांचे फोन आले. एकीच्या गावात भाताची वरची पेज चालली होती, दुसरीकडे रश्शाचा वरचा तवंग. मी सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि म्हटलं, आजपासून आपल्यात 'वरचं' हा शब्द बंद. एक म्हणाली, मग 'तळाचं' म्हणू. दुसरी म्हणाली, सासवा अंगावर येतील. शेवटी मंगलताईनंच मिटवलं.

"वरचं नको, तळाचं नको. ढवळून द्या म्हणा."

*

आमच्यावर हसायचं असेल तर हाही घ्या. मध्ये एकदा मी पाककृती स्पर्धा घेतली होती. नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पाल्याचे पराठे, मटकीचे कटलेट, टेबलभर थाळ्या. गाजराची फुलं कापलेली. झाकून ठेवलं होतं, कारण पाहुणे यायचे होते. पाहुणे दोन तास उशिरा आले, चमचाभर चाखून गेले, फोटो झाले. पहिला नंबर मी दिला.

ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ती पोरं तोवर बाहेर पायरीवर बसून रंगीत पुड्यांतलं कुरकुरीत खात होती. आयांनी गप्प बसायला दिलेलं. मी बाहेर आले तर एकेकाची बोटं केशरी.

मंगलताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, फोटो मात्र चांगला पोसला."

*

बारामतीत, कऱ्हाटीकडे असताना एक भाजीवाला शेतकरी होता. ठिबकवर टोमॅटो, भेंडी, वांगी. माणूस हुशार. झाडाचं पान-देठ तपासून आणायचा आणि झिंक कमी, बोरॉन कमी असं मला तोंडपाठ सांगायचा. त्याची मुलगी दीड वर्षाची. ओट्यावर बसून चहात खारी बुडवून खात होती. दिवसातून चार वेळा तेच, कारण पोर खुशीनं खायचं आणि रडायचं नाही.

मी विचारलं, हिच्यात काय कमी आहे ते तपासलं का? तो हसला. मग म्हणाला, "हिची कुठं लॅब हाय?"

मी पिशवीतली, पोराच्या दंडाचा घेर मोजायची टेप काढून दाखवली. त्यानं ती हातात घेतली आणि उलटसुलट करून बराच वेळ बघितली.

*

पुन्हा वस्तीवर. आबांचं मत पहिल्यापासून एकच. "मॅडम, आमच्या खानदानातच कोन उंच न्हाय. बी तसं, तर रोप तसं."

हे बोलत आबा घरात शिरले ते चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून. मंगलताई म्हणाली, "आबा, मग तुम्ही दुसऱ्या खानदानातले का?" आजी आतून हसली. आबांनी विषय बदलला, आम्हाला ऊस दाखवायला घेऊन गेले.

परत येताना बांधावरचा एक ऊस त्यांनी मोडून ओट्यावर आणला, बुडाशी बोट ठेवलं आणि एकेका कांडीवरून वर सरकवत निघाले. वाचल्यासारखं सांगत होते. हितं पानी येळंवर. हितं बी. हितं खत पडलं, बघा कशी लांब सुटली. मग दोन कांड्या अशा आखूड की पेरावर पेर बसलेलं. बोट तिथं थांबलं. "हितं पान्याची पाळी चुकली. कॅनॉल बंद हुता."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आबा, नंतर भरपूर पाणी दिलं तर ही कांडी लांबते का?"

"न्हाय. म्होरली लांबती. ही ऱ्हायली ती ऱ्हायली."

ओट्यावर राजवीर रांगत होता. आबांनी ऊस खाली ठेवला आणि त्याला उचललं. म्हणाले, "ह्याच्या किती कांड्या ऱ्हायल्यात अजून?"

मी म्हटलं, "तेरा महिने."

*

त्या दिवसापासून आबांनी राजवीरचं खाणं पाण्यासारखं बांधून घेतलं. दिवसाला पाच पाळ्या. घट्ट वरण ढवळून, त्यात भाकरी कुस्करून, वर तेलाची धार. कधी अंडं, कधी शेंगदाण्याचं कूट, कधी कुस्करलेलं केळं. ओट्याच्या भिंतीवर खडूनं पाच रेघा. पाळी झाली की रेघेवर आडवी रेघ. रूपालीच्या ताटात पहिल्या पंगतीलाच वाढायचं, हेही आबांनीच ठरवलं, कारण अंगावर पिणाऱ्याच्या आईचं पाणी आधी.

एकदा आमची मीटिंग चालू असताना त्यांचा फोन आला. माझे हात कागदात अडकलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला. आबांनी दणक्यात सांगितलं, "मॅडम, ह्या महिन्यात एक बी पाळी चुकली न्हाय!"

चाळीस बायका. आमच्याकडे पाळी चुकली की आम्ही गरोदर म्हणून नोंद करतो. जे हसू फुटलं ते पाच मिनिटं थांबेना. आबा पलीकडून विचारत होते, कोन हाय तिथं, काय झालं. शेवटी मंगलताईनं फोन घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "अभिनंदन आबा."

*

पण तिसऱ्या महिन्यात माप हललंच नाही. वजन थोडं वर, लांबी तिथल्या तिथं. आबा माझ्यावर चिडले. पाच-पाच पाळ्या दिल्या, मॅडम, तुमची फळीच खोटी. मला रात्रभर वाटत राहिलं की आपण म्हाताऱ्याला उगाच आशेला लावलं.

उलगडा गौरीनं केला. मंगलताईच्या मांडीवर बसून ती सहज म्हणाली, आजी बाळाला आधी चहा-बिस्किट देते, मग आबा जेवण देतात, मग बाळ तोंड फिरवतं. आजी ओशाळली. पोराच्या जिभेला जरा गोड, एवढंच तिच्या मनात. आबा तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. दोन पुडे घेतले आणि गोठ्यात म्हशीपुढे ओतले. गौरी म्हणाली, "आता म्हैस जेवनार न्हाय."

तेव्हापासून चहा बंद झाला. एका महिन्यानं माप हललं. मग दर महिन्याला थोडं थोडं, कधी थांबत, एकदा जुलाबानं वजनही उतरलं. मंगलताई आता स्वतः फळीवर मापायची आणि आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवायची, शेवटी "जवळून" असं म्हणून.

*

राजवीर दोन वर्षांचा व्हायला पंधरा दिवस होते तेव्हाची गोष्ट. झोपवून मापायची शेवटची वेळ. दुपारची वेळ, रूपालीला सुट्टी होती. आजीनंच त्याचं डोकं फळीला धरलं, वर्षापूर्वी पदराखाली लपवणाऱ्या आजीनं. तो लाथा झाडत होता. मंगलताईनं गुडघे दाबून पट्टी सरकवली, आकडा वाचला, मी फोनमध्ये भरला. लाल गेलं. पिवळं आलं, हिरव्याच्या अगदी कडेला. पूर्ण भरून आलं नव्हतं, आणि हे आम्हाला माहीत होतं. तरी रूपालीनं राजवीरला उचलून असं काही घट्ट धरलं की तो आणखी रडायला लागला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आजी चहा टाकायला आत गेली. आबा भिंतीवरच्या रेघा बघत उभे होते.

फळी ओट्यावर तशीच पडली होती. गौरीला पाच पूर्ण व्हायला दोन महिने बाकी. ती आली, फ्रॉक नीट केला आणि फळीवर आडवी झाली. डोकं वरच्या पट्टीला टेकवलं, पाय सरळ केले, आणि खालची पट्टी स्वतःच्या हातानं येत नाही म्हणून पायानंच ओढून घेतली. ती बरोबर तळव्यांना लागली.

"मॅडम, बघा," ती आनंदानं म्हणाली, "मी बी मावते!"

मंगलताईनं उघडलेलं रजिस्टर मिटलं. मी फोन पिशवीत टाकला.

आबा वळले. हळूच खाली बसले, गौरीच्या पायाशी. तिच्या घोट्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि सावकाश वर सरकवत निघाले. नडगीवरून, गुडघ्यापाशी. तिथं बोट थांबलं.

गौरी हसायला लागली. "आबा, गुदगुल्या हुत्यात."